रिकाम्या जमिनीची गोष्ट

‘फ्रंटियर’ या शब्दाला अमेरिकेत एक वेगळाच अर्थ चिकटला. युरोपात फ्रंटियर म्हणजे दोन राज्यांच्या मधली, चौक्यापहाऱ्यांनी राखलेली रेघ. रेघेच्या अलीकडे माणसे आणि पलीकडेही माणसेच. अमेरिकेत मात्र ही रेघ वर्षानुवर्षे पश्चिमेकडे सरकत राहिली आणि तिच्या पलीकडे कोणी नाही असे धरून चालण्याची सवय पडली. जनगणना खात्याने त्याचे मापही ठरवून दिले होते. चौरस मैलामागे 2 पेक्षा कमी माणसे असतील तो प्रदेश वस्तीबाहेरचा. लोकवस्तीचे नकाशे छापताना त्यांवर ‘कर न भरणारे इंडियन वगळून’ असा खुलासा केलेला असे. म्हणजे जमीन रिकामी आहे की नाही हे पाहण्याआधीच तिच्यावर राहणारे लोक हिशेबातून वजा होत. विज्ञानकथेतल्या दूरच्या ग्रहांची गोष्ट या वजाबाकीपासून सुरू होते.

1890 च्या जनगणनेनंतर खात्याने जाहीर केले की वस्तीची अशी सलग कड आता नकाशावर दाखवता येत नाही. त्याच वर्षी 29 डिसेंबरला वूंडेड नी या ठिकाणी अमेरिकी घोडदळाने लाकोटा जमातीची 150 हून अधिक माणसे मारली. त्यांत बायका होत्या, पोरे होती. पुढे 12 जुलै 1893 रोजी, शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलेले असताना, फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या तरुण प्राध्यापकाने इतिहासकारांपुढे एक निबंध वाचला. अमेरिकी माणसाचा धडपड्या स्वभाव, त्याचे स्वावलंबन, त्याची लोकशाही हे सगळे या सरकत्या रेघेने घडवले, आणि आता ती रेघच उरली नाही, असे त्याचे प्रतिपादन. प्रदर्शनाच्या आवाराला लागूनच बफेलो बिलचा तंबू होता. तिथे खरेखुरे लाकोटा स्वार तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर लुटुपुटीच्या लढाया लढत होते. एकाच शहरात, एकाच उन्हाळ्यात, एका बाजूला त्या काळाचा सिद्धान्त झाला आणि दुसऱ्या बाजूला खेळ. विज्ञानकथेला वारशात दोन्ही मिळाले.

मराठीत या शब्दाला नेमका प्रतिशब्द नाही. वायव्येच्या प्रांताला ‘सरहद्द प्रांत’ म्हटले गेले, ते युरोपी अर्थाने. आपले शब्द म्हणजे शीव, वेस, गावकूस. एका गावाची शीव संपते तिथे दुसऱ्याची सुरू होते; मध्ये कोणाचीच नसलेली जमीन या शब्दांत बसत नाही. दसऱ्याला सीमोल्लंघन होते, पण दिवेलागणीला लोक आपट्याची पाने घेऊन घरी येतात आणि दारात ओवाळणी होते. 1758 मध्ये मराठी फौज अटकेपर्यंत गेली, भाषेत अटकेपार झेंडा लावण्याचा वाक्प्रचार राहिला, ठाणे मात्र फार काळ टिकले नाही. मराठे तंजावरला, बडोद्याला, ग्वाल्हेरला राज्य करून राहिले. परंतु तिथे आधी कोणी नव्हतेच, असे कोणी कधी म्हटले नाही. म्हणून अमेरिकी विज्ञानकथा मराठीत वाचताना तिचे यंत्र, तिचा वेग, तिची अंतरे सहज समजतात आणि तिच्या मुळाशी असलेली ही रिकाम्या जमिनीची कल्पना मात्र परकी राहते. ती समजून घ्यायची तर मंगळाच्या वाटेने जावे लागते.

एडगर राइस बरोज हा 1896 मध्ये ॲरिझोनातल्या फोर्ट ग्रँट छावणीत साधा शिपाई होता. त्याची पलटण सातवे घोडदळ; वूंडेड नीला गोळ्या झाडल्या त्या याच पलटणीने. हृदयात दोष निघाल्यामुळे पुढच्या वर्षी त्याला लष्करातून मोकळे केले. 1912 मध्ये त्याची मंगळावरची कथा एका मासिकातून क्रमशः आली आणि 1917 मध्ये ‘अ प्रिन्सेस ऑफ मार्स’ या नावाने पुस्तक झाली. तिचा नायक जॉन कार्टर हा यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेचा कप्तान. युद्धानंतर तो ॲरिझोनात सोने शोधत हिंडतो, अपाचे त्याच्या मागे लागतात, तो एका गुहेत शिरतो आणि तिथून मंगळावर पोचतो. मंगळही तांबडा, कोरडा, उजाड. तिथेही भटक्या लढाऊ टोळ्या. फक्त त्या हिरव्या आणि चार हातांच्या. कथानकात कोट्यवधी मैलांचे अंतर पडलेले असते, पण गुहेच्या एका तोंडाने आत जाऊन दुसऱ्या तोंडाने पुन्हा ॲरिझोनातच बाहेर यावे, असा तो प्रवास आहे.

शास्त्रीय मंगळाचे गावही तेच होते, ही गोष्ट विसरू नये. 1877 मध्ये स्कियापरेल्ली या इटालियन ज्योतिर्विदाने मंगळावरच्या रेषांना जो शब्द वापरला, त्याचा अर्थ नैसर्गिक चर असाही होतो; इंग्रजीत त्याचे कालवे झाले. पर्सिव्हल लोवेल या श्रीमंत अमेरिकी गृहस्थाने 1894 मध्ये ॲरिझोनातच, फ्लॅगस्टाफ इथे, वेधशाळा उभारली आणि त्या कालव्यांवरून पाण्यासाठी झगडणाऱ्या, मरणपंथाला लागलेल्या संस्कृतीचे चित्र रंगवले. वाळवंटात बसून पाहणाऱ्याला दुर्बिणीतही पाणी नसलेला देशच दिसला.

बरोजच्या कथेत एक बारीक गोष्ट आहे आणि ती फार काही सांगून जाते. मंगळाचे गुरुत्वाकर्षण कमी, त्यामुळे पृथ्वीवरच्या स्नायूंनिशी गेलेला कार्टर पाऊल टाकायला जातो तो हवेत उडतो. एका ठोशात तो मंगळावरच्या योद्ध्याला लोळवतो. नव्या भूमीत पाय ठेवताच आलेला माणूस तिथल्या रहिवाशांपेक्षा बलवान ठरतो, आणि हे बळ त्याने कमावलेले नसते. भौतिकशास्त्र ते त्याला फुकट देते. फ्रंटियरच्या साऱ्या दंतकथेला हवी असलेली सबब इतक्या सोप्या रीतीने कोणी पुरवली नव्हती. पुढची तीसेक वर्षे मासिकांतले मंगळ, शुक्र आणि गुरूचे चंद्र याच सबबीवर चालले. त्या कथांतली मजा खोटी नव्हे. कित्येक खगोलशास्त्रज्ञांनी लहानपणी त्या वाचल्या आणि आकाशाकडे पाहिले. पण मजेखाली काय दडले आहे ते त्या कथांना ठाऊक नव्हते.

एका इंग्रज लेखकाला ते आधीच कळले होते. एच. जी. वेल्सची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ ही कादंबरी 1898 मध्ये पुस्तकरूपाने आली. तिच्या पहिल्याच प्रकरणात वेल्स टास्मानियाच्या मूळ रहिवाशांची आठवण काढतो. युरोपी वसाहतवाल्यांनी त्यांचा नायनाट केला, मग तीच वृत्ती घेऊन मंगळवासी इंग्लंडवर आले तर तक्रार कोणत्या तोंडाने करायची, असा त्याचा सवाल. मूळ कल्पना वेल्सच्या भावाची, आणि पुस्तक त्याला अर्पण केलेले आहे. यंत्रे उतरतात ती वोकिंगजवळच्या माळावर, लेखकाच्या स्वतःच्या परिसरात. साम्राज्याच्या मध्यभागी राहणाऱ्या वाचकाला वेल्सने रेघेच्या पलीकडे नेऊन उभे केले, तेही घर न सोडता. शेवटी मंगळवासी माणसाच्या शौर्याने मरत नाहीत. पृथ्वीवरच्या जंतूंनी मरतात.

जंतूंचा हा धागा रे ब्रॅडबरीने उलटा फिरवला. 1950 सालच्या ‘द मार्शियन क्रॉनिकल्स’मध्ये पृथ्वीवरून एकामागून एक मोहिमा मंगळावर जातात. चौथी मोहीम पोचते तेव्हा मंगळवासी जवळपास सगळे मेलेले असतात. आधीच्या मोहिमांनी आणलेल्या कांजिण्यांनी ते मेले. पृथ्वीवर पोरांना होणारा, आठवडाभर शाळा बुडवणारा हा आजार. इतकी प्राचीन संस्कृती इतक्या किरकोळ गोष्टीने नाहीशी व्हावी, याचा धक्का मोहिमेतल्या स्पेंडर या माणसाला सहन होत नाही आणि तो आपल्याच सोबत्यांवर बंदूक चालवतो. अमेरिका खंडात देवी आणि गोवर यांनी जे केले त्याचा उल्लेख ब्रॅडबरीला करावाच लागत नाही. मोहिमेत एक चेरोकी वंशाचा माणूस असतो, तेवढी खूण पुरते.

याच पुस्तकात सॅम पार्कहिल नावाचा एक जण आहे. मंगळावरच्या मृत नगरीतल्या स्फटिकाच्या खिडक्यांवर तो नेम धरून गोळ्या मारतो. पुढे तो दोन रस्ते मिळतात तिथे हॉट डॉगचे दुकान थाटतो, कारण पृथ्वीवरून हजारो गिऱ्हाइके येणार अशी त्याची खात्री असते. उरलेसुरले मंगळवासी त्याच्याकडे येतात तेव्हा तो घाबरून त्यांना मारत सुटतो. ते आलेले असतात ते अर्ध्या मंगळाचे दानपत्र त्याच्या हाती द्यायला. आणि त्याच रात्री आकाशात पृथ्वी युद्धाने पेटलेली दिसते. जमीन मिळाली, गिऱ्हाईक मात्र येणार नाही. याच पुस्तकात आणखी एक कथा आहे, तिच्यात दक्षिणेतल्या एका गावचे सगळे काळे लोक एका दिवसात सामान बांधून मंगळाकडे निघतात. पहिल्या माणसाला जी लुटीची जमीन, तीच या लोकांना सुटकेची वाट. फ्रंटियरकडे धावलेल्यांत मागे काही सोडण्यासारखे नसलेलेही पुष्कळ होते. ब्रॅडबरी हे लपवत नाही, आणि म्हणून त्याचा मंगळ बरोजच्या मंगळापेक्षा कितीतरी अधिक खरा वाटतो, जरी त्यातले हवापाणी शास्त्राला धरून नसले तरी.

14 आणि 15 जुलै 1965 या दोन दिवसांत मरिनर 4 हे यान मंगळाजवळून गेले. त्याने पाठवलेल्या 22 छायाचित्रांत कालवे नव्हते. खड्डे होते, चंद्रावर असतात तसे. दुसऱ्याच वर्षी अमेरिकी दूरचित्रवाणीवर ‘स्टार ट्रेक’ सुरू झाली आणि तिच्या प्रत्येक भागाच्या आरंभी अंतराळाला शेवटची फ्रंटियर म्हटले जाऊ लागले. जीन रॉडनबेरीने ती कल्पना विकताना ‘वॅगन ट्रेन’ या लोकप्रिय वेस्टर्न मालिकेचा दाखला दिला होता. बैलगाड्यांचा तो तांडा आता ताऱ्यांकडे वळला. या मालिकेत एक नियम मात्र होता. भेटलेल्या संस्कृतीच्या वाटचालीत हात घालायचा नाही. कथेच्या गरजेपोटी तो वारंवार मोडला गेला, तरी असा नियम असावा असे वाटणे हीच मोठी गोष्ट होती.

उर्सुला ले ग्विन यांच्यापर्यंत आल्यावर हा विषय पुस्तकांतून घरात येतो. कॅलिफोर्नियात ओरोव्हिल गावाजवळच्या एका कत्तलखान्यापाशी ऑगस्ट 1911 मध्ये एक माणूस सापडला. उपाशी, एकटा, पन्नाशीच्या आसपासचा. तो याही जमातीतला शेवटचा माणूस होता. त्याचे लोक 1860 च्या दशकात वसाहतवाल्यांनी टिपून मारले होते आणि वाचलेली थोडी कुटुंबे डोंगरकपारींत लपून जगली होती. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ संग्रहालयात आणले. स्वतःचे नाव स्वतःच्या तोंडाने सांगायचे नाही अशी त्याच्या लोकांची रीत, आणि ते सांगायला दुसरे कोणी उरले नव्हते. म्हणून त्याच्या भाषेतला ‘माणूस’ या अर्थाचा शब्द, इशी, हेच त्याचे नाव ठरले. संग्रहालयातच तो राहिला आणि मार्च 1916 मध्ये क्षयाने गेला. त्यानंतर 13 वर्षांनी क्रोबर यांना मुलगी झाली, ती उर्सुला. इशीचे चरित्र 1961 मध्ये प्रसिद्ध झाले; ते लिहिले तिच्या आईने, थिओडोरा क्रोबर यांनी.

रेघ सरकताना ज्यांच्या अंगावरून गेली, त्यांच्यातला शेवटचा माणूस या लेखिकेच्या वडिलांचा परिचित होता. ‘द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट’ ही तिची लघुकादंबरी 1972 मध्ये आली, व्हिएतनामचे युद्ध चालू असताना. पृथ्वीवरची झाडे संपली आहेत. माणसे अथ्शी या अरण्यग्रहावर लाकूड तोडायला आली आहेत. तिथले रहिवासी मीटरभर उंचीचे, हिरव्या लवेचे. त्यांना वेठीला धरून ‘स्वयंसेवी श्रमिक’ म्हटले जाते. कप्तान डेव्हिडसनला हा ग्रह रिकामाच वाटतो, साफसूफ करून घ्यायचा बाकी आहे एवढेच. रहिवाशांच्या भाषेत मात्र जग आणि अरण्य यांना एकच शब्द आहे. झाड तोडणाऱ्याला वाटते की आपण लाकूड नेतो. ज्याची भाषा ती आहे त्याच्या लेखी जगच कापले जात असते.

त्या भाषेतला दुसरा एक शब्द याहून खोल जातो. देव आणि दुभाषा या दोहोंना तिथे एकच नाव आहे. स्वप्नातून काही नवे जागेपणात आणतो तो देव, आणि दोन भाषांमधून काही नवे आणतो तोही. सेल्व्हर या तिथल्या रहिवाशाची बायको डेव्हिडसनच्या अत्याचाराने मेलेली असते. तो माणसांची भाषा शिकतो, आणि त्या भाषेतून आपल्या लोकांसाठी एकच नवी गोष्ट आणतो : माणूस माणसाला ठार करू शकतो हे ज्ञान. त्या ज्ञानाने ते लढतात आणि जिंकतात. वसाहत उठते. डेव्हिडसनला त्याच्याच लोकांनी झाडे तोडून उजाड केलेल्या बेटावर एकटे सोडून दिले जाते. पण आलेले ज्ञान परत पाठवता येत नाही. इतक्या मोठ्या विजयाची इतकी जड किंमत दाखवणाऱ्या कथा विज्ञानसाहित्यात थोड्या आहेत. ही लघुकादंबरी उपदेशाकडे झुकते आणि डेव्हिडसन फारच काळ्या रंगात रंगवला आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो पूर्णपणे फेटाळता येत नाही. पण सेल्व्हरच्या बाजूने उभे राहून पाहिले की रंगांची ही तक्रार लहान वाटते.

विस्थापितांच्या बाजूने गोष्ट सांगण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. बटूच्या रूपातला वामन तीन पावले जमीन मागतो, दोन पावलांत सारे काही व्यापतो आणि तिसरे पाऊल दात्याच्या डोक्यावर ठेवून त्याला पाताळात ढकलतो. पुराणात विजय वामनाचा आहे. घराघरांत मात्र ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे म्हटले जाते आणि पाडव्याचा दिवस बळीच्या नावाने ओळखला जातो. जोतीराव फुले यांनी 1873 च्या ‘गुलामगिरी’त या कथेला बाहेरून आलेल्यांनी केलेल्या आक्रमणाचा इतिहास म्हणून वाचले. तो ग्रंथ त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण केला होता. त्याच दशकात अमेरिकेच्या पश्चिमेत पावलापावलाने जमीन घेतली जात होती. पुढे शंभरेक वर्षांनी जयंत नारळीकरांनी आपल्या विज्ञानकादंबरीला ‘वामन परत न आला’ हे नाव दिले. तिच्यात कोणी दूरच्या ग्रहावर जात नाही. जमीन खणताना एका लुप्त संस्कृतीचा ठेवा सापडतो आणि त्यातल्या ज्ञानातून घडवलेला यंत्रमानव हाच वामन होतो. अनोळखी जगाची कड पायाखालीच निघते, आणि पाऊल कोणाच्या डोक्यावर पडणार हा प्रश्न यजमानाला पडतो.

पूर्व युरोपातल्या लेखकांनाही ही कड घराजवळच भेटली. स्तानिस्लाव लेम 1921 मध्ये ल्वूफ शहरात जन्मला, तेव्हा ते पोलंडमध्ये होते. 1939 मध्ये सोव्हिएत फौजा आल्या, 1941 मध्ये जर्मन, 1944 मध्ये पुन्हा सोव्हिएत. युद्धानंतर शहर पोलंडबाहेर गेले आणि लेमच्या कुटुंबाला क्राकूफला जावे लागले. तिथे माणसे रेघेकडे गेली नाहीत, रेघ माणसांवरून गेली. त्याच्या ‘सोलारिस’मधला (1961) महासागर जिंकता येत नाही, समजतही नाही, तो फक्त पाहणाऱ्याच्या मनातले दुःख त्याच्यापुढे आणून उभे करतो. 1972 मध्ये आलेल्या स्त्रुगात्स्की बंधूंच्या ‘रोडसाइड पिकनिक’मध्ये परग्रहवासी पृथ्वीवर थांबून निघूनही गेले आहेत. सहलीला आलेल्यांनी कचरा टाकून जावे तशा त्यांच्या वस्तू निषिद्ध क्षेत्रात पडल्या आहेत आणि माणसे जीव धोक्यात घालून त्या चोरून आणतात. कोणाच्या तरी वाटेत आपण लागलो, एवढेच माणसाच्या वाट्याला येते.

एक प्रश्न तरीही उरतो, आणि तो सोपा नाही. जमीन खरोखरच रिकामी असेल तर? मंगळावर कालवे नाहीत, कार्टरच्या टोळ्या नाहीत, आजवर तरी जीव सापडलेला नाही. 1967 च्या अंतराळ कराराने कोणत्याही राष्ट्राला खगोलीय पिंडावर सार्वभौमत्व सांगता येत नाही. पण तिथून काढलेल्या वस्तूंवर आपल्या नागरिकांची मालकी अमेरिकेने 2015 च्या कायद्याने मान्य केली. किम स्टॅनली रॉबिन्सनची मंगळत्रयी 1992 ते 1996 या काळात आली, ती नेमकी या जागी उभी आहे. रॉबिन्सन कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत वाढला आणि संत्र्यांच्या बागांच्या जागी घरांच्या रांगा उठताना त्याने पाहिल्या. त्याच्या कादंबऱ्यांत पहिले शंभर वसाहतवाले मंगळावर उतरतात. सॅक्स रसेलला तिथे हवा, पाणी आणि हिरवळ आणायची आहे. भूगर्भशास्त्रज्ञ ॲन क्लेबोर्नचा त्याला विरोध आहे. तिथे कोणी राहत नाही हे तिला मान्य आहे. अब्जावधी वर्षे जसे आहेत तसे राहिलेले दगड, दऱ्या आणि वाळूच्या लाटा यांना माणसाच्या उपयोगाबाहेर काही मोल आहे, एवढेच तिचे म्हणणे. हे म्हणणे टोकाचे वाटते. पण तिच्या बाजूने लिहिलेली मंगळाची वर्णने इतकी प्रेमाने भरलेली आहेत, की रिकामे म्हणून ज्याला हात लावायचा त्याकडे आधी नीट पाहिले का, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडल्याशिवाय राहत नाही.

रॉबिन्सननेच 2015 मध्ये ‘ऑरोरा’ लिहिली. सुमारे 12 प्रकाशवर्षे दूर असलेल्या टाउ सेटी ताऱ्याकडे निघालेल्या जहाजात सुमारे 2000 माणसे आहेत आणि त्यांच्या कित्येक पिढ्या प्रवासातच जन्मल्या, वारल्या. ज्यांनी ही मोहीम ठरवली त्यांनी या पिढ्यांना विचारले नव्हते. पोचल्यावर ऑरोरा या चंद्रावरचा अतिसूक्ष्म रोगकारक उतरलेल्यांना मारू लागतो. वेल्सचे जंतू पुन्हा, या वेळी माणसांच्या विरुद्ध. मग भांडणे होतात, फूट पडते, काही जण तिथेच दुसरी जागा शोधायला राहतात आणि बाकीचे परत फिरतात. विज्ञानकथेत परत फिरणे ही मोठी हार समजली जाते, आणि हे पुस्तक आले तेव्हा ताऱ्यांची स्वप्ने पाहणारे पुष्कळ वाचक दुखावले. परतलेल्यांत फ्रेया ही जहाजाच्या अभियंत्याची मुलगी आहे. तिने आकाश कधी पाहिलेले नाही. डोक्यावर छत नसले की तिला भोवळ येते, उघड्यावर पाऊल टाकता येत नाही. शेवटच्या पानांवर ती धीर करून समुद्रकिनाऱ्यावर जाते. समुद्र वाढल्यामुळे बुडालेले किनारे काही माणसे वाळू आणून पुन्हा घडवत आहेत, त्यांच्यापैकी कोणी तिला पाण्यात नेते. लाटा तिला उलथ्यापालथ्या करतात, नाकातोंडात पाणी जाते, ती पुन्हा उठून आत शिरते. मग रांगत बाहेर येते आणि ओल्या वाळूला ओठ लावते.